शेजाऱ्यांना गिळून वाढतात विश्वातल्या महाकाय दीर्घिका. आपल्या आकाशगंगेचं काय होणार?

१० एप्रिल २०१९ रोजी कृष्णविवराचा पहिला फोटो जगभर व्हायरल झाला. काळ्या ठिपक्याभोवतीचं ते केशरी कडं तुम्हीही पाहिलं असेल. सूर्याच्या ६५० कोटी पट वस्तुमानाचं हे कृष्णविवर एम८७ या दीर्घिकेच्या मध्यभागी आहे. ही दीर्घिका इतकी मोठी कशी झाली, हा प्रश्नही तितकाच रंजक आहे.

एम८७ आपल्यापासून सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षं दूर, कन्या समूहात आहे. तिथे हजाराहून जास्त दीर्घिका एकत्र नांदतात. आपली आकाशगंगा चकतीसारखी चपटी, तर एम८७ फुगीर, लंबवर्तुळाकार. तिच्यातले तारे मधमाश्यांच्या थव्यासारखे वाटेल त्या दिशेने फिरतात.

वाढ दोन टप्प्यांत

पहिल्या टप्प्यात, विश्व तरुण असताना, भरपूर वायूपासून झपाट्याने तारे बनले. दुसऱ्या टप्प्यात आजूबाजूच्या छोट्या दीर्घिका गिळणं सुरू झालं.

गंमत म्हणजे, मोठ्या समूहात दोन दीर्घिका सहज एकत्र येत नाहीत. सेकंदाला सुमारे हजार किलोमीटर वेगाने त्या एकमेकींच्या बाजूने निघून जातात. काही मोजक्या दीर्घिकांच्या लहान गटात मात्र वेग कमी असतो, त्यामुळे विलीनीकरण सोपं जातं. असे गट पुढे मोठ्या समूहात सामील होतात. तिथे गुरुत्वाकर्षणाच्या ओढीने वेग मंदावलेल्या दीर्घिका हळूहळू मध्यभागी सरकतात आणि तिथल्या सर्वांत मोठ्या दीर्घिकेत विरून जातात.

याचा पुरावाही आहे. २०१५ मध्ये खगोलशास्त्रज्ञांनी एम८७ मधल्या सुमारे ३०० मरणासन्न ताऱ्यांच्या चमकत्या वायूगोळ्यांचा वेग मोजला. गेल्या १०० कोटी वर्षांत एम८७ ने एक मध्यम आकाराची दीर्घिका गिळल्याचं त्यातून दिसलं.

मग नवे तारे का बनत नाहीत?

समूहात वायू भरपूर आहे, पण तो कोट्यवधी अंश तापलेला आहे. तारे बनायला थंड वायू लागतो. वायू थंड होऊन आत आला की त्यातला काही कृष्णविवरात पडतो. त्यातून निघणारे ऊर्जेचे झोत उरलेल्या वायूला पुन्हा तापवतात.

२०२० मध्ये सर्पधारी समूहात अशा एका प्रचंड स्फोटाच्या खुणा सापडल्या. त्या शोधात पुणे जिल्ह्यातल्या खोडद इथल्या जीएमआरटी दुर्बिणीची निरीक्षणंही वापरली गेली.

नवा पेच

२०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून जीएस-९२०९ या दीर्घिकेचा तपशील समोर आला. महास्फोटानंतर अवघ्या १२५ कोटी वर्षांनी ती तारे बनवणं थांबवून बसली होती. म्हणजे पहिला टप्पा काही ठिकाणी वाटलं होतं त्यापेक्षा फारच लवकर संपला. इतकी घाई कशी झाली, यावर आता संशोधन सुरू आहे.

आपला नंबर कधी?

आपली आकाशगंगा आणि शेजारची देवयानी दीर्घिका एकमेकींवर आदळून एक लंबवर्तुळाकार दीर्घिका बनेल, असं अनेक वर्षं जवळपास नक्की मानलं जात होतं. २०२५ मधल्या एका अभ्यासाने मात्र पुढच्या १,००० कोटी वर्षांत तसं होण्याची शक्यता जेमतेम ५० टक्के असल्याचं सांगितलं. थोडक्यात, एम८७ च्या वाटेने आपण जाणार की नाही, हे सध्या तरी नाणेफेकीसारखं आहे.