हळू पुस्तकाला आठ दिवस पुरत नाहीत



ल. म. कडू यांच्या ‘खारीचा वाटा’ या कादंबरीला २०१७ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. बक्षिसाचं पुस्तक म्हणून आपल्या वर्गात तिच्यासाठी ओढाताण झाली. आता ती पेटीत पडून असते. चार जणांनी नेली आणि अर्धी वाचून परत आणली. का, तर ‘लय हळू चालते!’

ते खरं आहे. धरणामुळे एका मुलाचं गाव उठतं, त्याची ती गोष्ट आहे. त्यात जादू नाही की राक्षस नाही. मलाही मध्ये मध्ये झोप आली. पण बक्षिसाची सगळीच पुस्तकं हळू असतात असं नाही. दिलीप प्रभावळकरांच्या ‘बोक्या सातबंडे’लाही २०११ साली हाच पुरस्कार मिळाला, आणि ते तर आपण मधल्या सुट्टीत भांडून वाचतो.

मग मी कादंबरी आजीला मोठ्याने वाचून दाखवू लागले. आजीचं गाव कुही तालुक्यात होतं. ते वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. १९८८ साली राजीव गांधींनी त्या धरणाचं भूमिपूजन केलं तेव्हा आमचे बाबा पाळण्यात होते, आणि गाव उठलं तेव्हा त्यांचं लग्न झालं होतं! आजी म्हणते, “अवं माय, गाव का एका दिवसात उठते? कवेलू उतरवता उतरवताच किती दिवस जातेत.” ती मला मध्येच थांबवते आणि आपल्या चिंचेचं नाहीतर विहिरीचं सांगत बसते. म्हणून रोज दोनच पानं होतात.

माझं मत असं आहे की पुस्तक वाईट नाही, आणि कंटाळा आला म्हणणारी मुलंही खोटं बोलत नाहीत. अडचण आहे ती आठ दिवसांच्या नियमाची. शिवाय वाचनाच्या वहीत ज्याची पुस्तकं जास्त, त्यालाच शाबासकी मिळते. मग जाड आणि हळू पुस्तक कोण घेईल? पातळ पातळ घेऊन सगळे पुढे जातात.

गुरुजींना विनंती आहे की अशा पुस्तकाला एक महिना द्यावा. आणि आईबाबांनो, पोरं मोठ्याने वाचत असली तर थोडं जवळ बसावं.

सोमवारी माझी मुदत संपते. कादंबरी तिसऱ्यांदा माझ्याच नावावर लिहून घ्यावी.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी