‘मोफत घरपोच’ मालाचे भाडे कोण भरतो?

माल गोदामातून गिऱ्हाइकाच्या दारी जाईपर्यंत जे भाडे पडते, ते कोणीतरी भरतच असतो. बिलात ते दिसले नाही म्हणजे नाहीसे झाले, असे नव्हे. मोबाइलवरून माल मागवून ‘मोफत घरपोच’ ही अक्षरे पाहताच सुखावणाऱ्या मध्यमवर्गीयाला हे रुचणार नाही. कोलकात्याच्या माणसाला मात्र ते समजावून द्यावे लागत नाही. दूरचे आणि जवळचे भाडे एकाच मापाने मोजले की काय घडते, हे त्या शहराने पस्तीस वर्षांहून अधिक काळ भोगले आहे.

१९५६ पासून केंद्र सरकारने पोलादाच्या भाड्याचे समानीकरण केले. माल जमशेटपूरहून निघो, बर्नपूरहून निघो वा पुढे दुर्गापूर, राउरकेला, भिलाईहून. रेल्वे स्थानकावर पोचता भाव देशभर एकच. प्रत्येक टनाच्या किमतीत सरासरी भाडे घालायचे, ते एका निधीत जमा करायचे आणि प्रत्यक्ष रेल्वेभाडे त्यातून चुकते करायचे, अशी ही व्यवस्था. समजा, एका टनाला हावड्यापर्यंत २० रुपये भाडे पडते आणि मुंबईपर्यंत १००. दोघांकडून ६० घेतले, तर हावड्याचा कारखानदार टनामागे ४० रुपये मुंबईकराच्या वतीने भरतो. खाणी आणि भट्ट्या दाराशी असण्याचा लाभ असा कलमाच्या एका फटकाऱ्याने पुसला गेला. ज्या जॉइंट प्लँट कमिटीने पुढे हा निधी सांभाळला, तिचे ठाणे १९६४ पासून कोलकात्यातच होते, हा त्यातला विनोद.

ठाणे आणि पिंपरी-चिंचवडच्या इंजिनिअरिंग उद्योगाने या धोरणाची फळे चाखली, हे महाराष्ट्रातील वाचकाने विसरू नये. खानदेश-विदर्भाचा कापूस बंगालच्या गिरण्यांना मात्र समान भाड्याने मिळत नव्हता. समता हवी होती तर ती दोन्ही दिशांनी का नव्हती, हा बंगालचा प्रश्न रास्त होता. हावड्याचे ओतकारखाने केवळ याच एका धोरणाने बुडाले, असे कोणी म्हणू नये. साठीच्या उत्तरार्धात रेल्वेने वॅगनांची मागणी आखडती घेतली, तो तडाखाही जबर होता. तथापि सारा दोष कामगारांच्या लढ्यांवर ढकलणारे पंडित भाड्याच्या या हिशेबाविषयी सोयीस्कर मौन पाळत आले आहेत. १९९२ साली पोलादावरील नियंत्रणे उठली आणि ही समानीकरणाची पद्धतही मोडीत निघाली. तोवर उद्योग पश्चिमेस स्थिरावून चुकला होता.

मग समान भाडे म्हणजे नेहमीच अन्याय काय? मुळीच नव्हे. १८५४ पूर्वी कोलकात्याहून मुंबईला एक तोळ्याचे पत्र धाडण्यास एक रुपया पडे. त्या वर्षी अंतराचा विचार सोडून पाव तोळ्यास अर्धा आणा हा दर देशभर लागू झाला. हलक्या पत्राचा खरा खर्च अंतरात नसून स्वीकारण्यात, छाननीत आणि दारोदार वाटण्यात असतो, हे इंग्लंडात रोलंड हिलने १८३७ मध्येच दाखवून दिले होते. शिवाय पत्रे दोन्ही बाजूंनी जातात. पत्राला जो न्याय तो पोलादाला लावता येत नाही, कारण जड मालाच्या किमतीत भाडे हाच मोठा वाटा असतो.

आजचे पार्सल या दोहोंच्या मध्ये उभे आहे. बड्या ऑनलाइन व्यापाऱ्याची गोदामे डानकुनीत, भिवंडीत, देशभर पसरलेली. कोलकात्याच्या गिऱ्हाइकाने दोन वस्तू मागवल्या, एक डानकुनीत आहे, दुसरी भिवंडीत. पार्सले दोन, भाडी दोन. यांतील दुसरे भाडे गिऱ्हाइकाने का सोसावे? माल कोठे साठवायचा हे त्याने ठरवलेले नाही. ते व्यापाऱ्याने ठरवले, तर फाटाफुटीचा खर्चही त्यानेच उचलला पाहिजे. एका मागणीस एकच, वजनानुसार जाहीर केलेले भाडे, हाच येथे न्याय्य नियम होय.

पण खरी मेख निराळीच आहे. हावड्याचा छोटा उत्पादक एकाच ठिकाणी माल ठेवतो. भिवंडीत साठा ठेवून तेथून विकायचे म्हटले, तर जीएसटी कायद्याखाली महाराष्ट्रात वेगळी नोंदणी आली, जागेचे भाडे आले, अडकून पडणारे भांडवल आले. म्हणून पुण्याच्या गिऱ्हाइकाला माल पाठवताना त्याला सर्वांत महाग, ‘राष्ट्रीय’ दर भरावा लागतो. पार्सल हलके पण फुगीर असले तर लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात आणि येईल ते वजन धरतात. उशीचे खोके वजनकाट्यावर एक किलो भरेल, बिलात पाच! याउलट दहा राज्यांत गोदामे असलेला मक्तेदार प्रत्येक ठिकाणी ‘स्थानिक’ दराने माल पोचवतो आणि ‘मोफत’ म्हणून मिरवतो. एके काळी सरकार भाड्याचे समानीकरण करीत होते. आता ते भांडवलाच्या बळावर विकत घेतले जाते आणि ज्याच्यापाशी भांडवल नाही तो फरक भरतो.

उरलेला फरक सायकलवर आणि मोटारसायकलवर पाठीला पिशवी बांधून फिरणारा तरुण भरतो. जेथे दर फेरीमागे पैसे मिळतात, तेथे गोदामाच्या दारात थांबण्याचा, लिफ्ट नसलेल्या इमारतीचे जिने चढण्याचा, रिकाम्या परतीचा वेळ कोणाच्याच हिशेबात नसतो. पेट्रोलही बव्हंशी त्याचेच. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्याची दखल घेतली आणि कंपन्यांकडून उलाढालीच्या एक ते दोन टक्के वर्गणीची तरतूद केली. परंतु ती कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांहून अधिक नसावी, अशी मेखही मारून ठेवली. वेतनाचा प्रश्न तसाच राहिला.

टपाल खाते स्पीड पोस्टचे दर वजन आणि अंतराच्या टप्प्यांनुसार जाहीर करते. ते कोणालाही वाचता येतात. खाजगी पोचवणी कंपनी बड्या गिऱ्हाइकाशी बंद दाराआड वेगळा दर ठरवते. तिलाही दरपत्रक उघड करण्यास भाग पाडले पाहिजे, आणि त्या दरातील किती पैसे पोचवणाऱ्याच्या हाती पडतात हे गिऱ्हाइकाच्या बिलावर छापले गेले पाहिजे.