वाया गेलेले वर्ष

माढ्याहून कुर्डुवाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे साडेपाचला फिरायला निघालो, की सोबतीची वाण पडत नाही. अंधारातून पावलांचा आवाज येतो आणि पाच-सात पोरांचा घोळका धापा टाकत बाजूने निघून जातो. बहुतेक सगळी भरतीची पोरे. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर धावावे लागते, मुलींना ८००. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० या धावण्याचे. भरती झाली की पळणे संपते. नाही झाली आणि वय उलटले, तरीही संपते. त्यात खेळ थोडा आणि पोटाची काळजी अधिक. जन्मभर महिन्याच्या महिन्याला पगार घेतलेल्या माझ्यासारख्याने त्याला नावे ठेवू नयेत.

या घोळक्याच्या मागून एक मुलगी एकटीच येते. तिचा पल्ला १०,००० मीटरचा. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. परवा तिची आई घरी आली. म्हणाली, "साहेब, बँकेत लई लोकांचे हिशोब बघितले तुम्ही. आता हिचा एक बघा. पळायच्या नादात वर्ष वाया गेलं, तर काय करायचं आम्ही?"

प्रश्न साधा नव्हता, म्हणून उत्तर लगेच दिले नाही.

अभ्यास आणि खेळ यांची सांगड घालावी, असे गुणगौरव समारंभात प्रत्येक पाहुणा सांगतो. त्याच्या मनात बहुधा रॉजर बॅनिस्टरसारखे उदाहरण असते. ६ मे १९५४ रोजी सकाळी लंडनच्या रुग्णालयात काम करून हा वैद्यकीचा विद्यार्थी आगगाडीने ऑक्सफर्डला गेला आणि संध्याकाळी ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत मैल धावला. चार मिनिटांच्या आत मैल धावणारा जगातला पहिला माणूस. सराव करायचा तो दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत. त्याच वर्षी त्याने स्पर्धा सोडल्या आणि पुढे तो मेंदू व मज्जासंस्थेचा नामांकित डॉक्टर झाला. गोष्ट सुंदर आहे, पण सत्तर वर्षांपूर्वीची. आज वरच्या पातळीवर लांब पल्ल्याला धावायचे, तर दिवसातून दोन वेळा सराव लागतो, मध्ये झोप लागते, पोटभर सकस आहार लागतो. जेवणाच्या सुट्टीत हे बसत नाही. पूर्वी परीक्षा वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडावर असे आणि पळण्याचा हंगाम असलेला हिवाळा मोकळा मिळे. सत्र पद्धतीने वर्षाचे दोन तुकडे केले. प्रात्यक्षिके, हजेरी, अंतर्गत गुण हे सगळे नेमके हिवाळ्यातही येते. चोवीस तासांत दोन्ही बसवू म्हणणारी मुलगी बहुधा दोन्हीकडे अर्धी राहते.

तेव्हा तास बाजूला ठेवून वर्षे मोजावीत, असे मला वाटू लागले आहे.

आपल्याच माढा लोकसभा मतदारसंघात साताऱ्याचा माण तालुका येतो. त्या दुष्काळी तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. ट्रॅकवरच्या शर्यतीत ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारी पी. टी. उषानंतरची, म्हणजे ३२ वर्षांनंतरची, ती पहिली भारतीय स्त्री. तेव्हा तिचे वय होते २७. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनला राहिला आणि २०१५ नंतर पळण्याकडे वळला. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्ण मिळवले ते २०२३ साली, २९ व्या वर्षी. त्याची सर्वोत्तम वेळ, ८ मिनिटे ९.९१ सेकंद, त्यानंतर २०२४ ची. लांब पल्ल्याचे पाय उशिरा पिकतात. एकविसाव्या वर्षी घाईने "आता एकच काहीतरी धर" असे सांगणारे आपण हे लक्षात घेत नाही.

मात्र या दोघांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट समान आहे. दम धरायला त्यांच्यामागे पगार होता. ललिता रेल्वेत, अविनाश सैन्यात. २०२५ च्या जुलैत मोनाकोच्या शर्यतीत अविनाशचा गुडघा दुखावला. अशा वेळी घरची चूल कशी पेटेल ही चिंता नसणे, हे केवढे बळ! ललिताला पुढे राज्य शासनाने उपजिल्हाधिकारी पदावर घेतले, याचा आनंदच आहे. पण मोठे पद पदकानंतर मिळते, आणि खरी गरज असते ती पदकाच्या आधीच्या पाच-सहा वर्षांत. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण तेही खेळून दाखवल्यावरचे. शिवाय खोट्या क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आल्यापासून खऱ्या खेळाडूलाच जास्त कागद दाखवावे लागतात.

पदकाआधीची जोखीम कोणी घेतली, म्हणाल तर कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर आठवतात. खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकीला जाता यावे म्हणून त्यांनी राहते घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्या पैशातून आले. मी मंजुरीच्या टेबलावर असतो, तर विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी असे कर्ज पुढे पाठवले असते का? प्रामाणिकपणे सांगतो, "परतफेडीचा स्रोत" या रकान्यापाशीच माझे पेन अडले असते.

त्या माउलीला मी शेवटी एवढेच सांगितले. पदवी नासत नाही, ती तिशीतही मिळते. पळण्याची वर्षे मात्र तिशीनंतर ओसरू लागतात. म्हणून दोन वर्षांची एम.एस्सी. तीन वर्षांत होऊ द्या. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने मध्येच थांबून परतण्याची सोय निदान कागदावर तरी केली आहे. सोलापूरला विद्यापीठात जाऊन नियम लेखी घ्या, तोंडी नको. शिक्षण अजिबात सोडू देऊ नका, कारण शंभर पळणाऱ्यांत ललिता क्वचितच निघते आणि घोटा कधीही मुरगळतो. रेल्वेच्या आणि बँकांच्या खेळाडू भरतीच्या जाहिराती तिच्याबरोबर तुम्हीही पाहा. आणि तिची वेळ दर वर्षी वहीत लिहा. दोन वर्षे सलग सुधारली नाही, तर पुन्हा बसून बोलू. वाढीव वर्षाचा खर्चही आम्ही मांडला: फी, बूट, दूध-अंडी, एसटीचे भाडे. एका एकराच्या उसाच्या बिलापेक्षा तो कमीच निघाला.

तिने कागदाची घडी घातली, पदराच्या गाठीत बांधली. दारापर्यंत गेली आणि मागे वळून म्हणाली, "हिशोब पटला, साहेब. पन तेवढ्यात चांगलं स्थळ आलं तर? हिच्या वडलांना काय सांगू?"

तो रकाना मी मांडलाच नव्हता. म्हटले, "त्यांना रविवारी घेऊन या. आणि पोरीलाही आणा." पहाटे रस्त्यावर मुलगी दिसली. आदल्या दिवशीचे बोलणे तिला कळले असावे. न थांबता हात हलवून ती पुढे निघून गेली.