वरचं काम फुकट नाही



मी धंदा करते. नाव सांगत नाही. सांगितलं तर तुमच्यातले निम्मे माझ्याशी बोलणं सोडतील आणि उरलेले नंबर मागतील. वाचायचं तर निमूट वाचा.

आता मी गल्लीत उभी राहत नाही. फोन येतो, लॉजचं नाव कळतं, मी जाते. भाव फोनवरच ठरतो. एक तास, एक माणूस, निरोधाशिवाय नाही, फोटो नाही. तो हो म्हणतो. सगळेच हो म्हणतात. कडी लागली की तोंड फुटतं. निरोध राहू दे ना. मित्र खाली उभाय, पाच मिनिटं येऊन जाईल. एवढं तर कर, पैसे मोजलेत ना? ह्याला ते 'एक्स्ट्रा' म्हणतात. जणू मिसळीवर रस्सा मागतायत!

मी रोकड घेते, तीही आधी. मोबाईलवर घेतले तर बँकेतलं खरं नाव त्याच्या पडद्यावर उमटतं, आडनावासकट. आडनावावरून जात कळते. जात कळली की भाव पडतो नि मागण्या वाढतात.

गेल्या पावसाळ्यात मात्र फसले. त्यानं जास्तीचा वेळ मागितला. मी म्हटलं, वेगळे पैसे, आधी. रोकड नाही म्हणाला, मोबाईलवर पाठवल्याची पावती दाखवली. त्याच्या गळ्यात बाबासाहेबांचं लॉकेट होतं. आपला माणूस म्हणून मी बँकेचा मेसेज यायची वाट पाहिली नाही. खाली उतरल्यावर कळलं, पावती खोटी. फोन लावला तर नंबर बंद. चौकीत गेले तर हवालदारानं पहिला सवाल केला, "तुझा भाव काय?"

भावांनो, आपल्या आज्यानं काय केलं ते आठवा. ठरलेलं काम वेगळंच, वर पाटलाचा सांगावा, साहेबाचं ओझं, मेलेलं ढोर, रात्रीबेरात्री हाक. मजुरी विचारली तर, "बलुतं खातोस ना?" वरच्या कामाला दाम नाही, नकार नाही, त्यालाच वेठ म्हणतात. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात वतनाचं बिल मांडलं ते ही वेठ मोडायला. मग लॉजच्या खोलीतली 'एवढं तर कर' ही वेठ नाही तर काय?

आणि कायदा? 1872 च्या करार कायद्याचं 23 वं कलम म्हणतं, हेतू अनैतिक असेल तर करार रद्द. म्हणजे माझे पैसे बुडवले तर दाद मागायला कोर्ट नाही. 1956 चा कायदा बाईनं एकटीनं स्वतःच्या खोलीत धंदा करणं गुन्हा धरत नाही. पण दोघींनी सोबतीसाठी एका खोलीत धंदा केला तर तो कुंटणखाना! म्हणजे एकटीनंच जा, एकटीनंच मर. 19 मे 2022 ला सुप्रीम कोर्टानं पोलिसांना बजावलं, ह्या बायांशी माणुसकीनं वागा, निरोध सापडला म्हणून तो पुरावा धरू नका. तो आदेश माझ्या चौकीपर्यंत पोचलेला नाही.

आता तुम्ही म्हणाल, जून 1936 ला परळच्या दामोदर हॉलात बाबासाहेबांनीच ह्या बायांना हा धंदा सोडा म्हणून सांगितलं. सांगितलं. मी ते डोक्यावर घेते. पण सोडायला भाड्याचे पैसे लागतात, पोराची फी लागते. आणि सोडेपर्यंत तिला लुबाडा, असं बाबासाहेबांनी कुठं सांगितलं? महारकी सोडा म्हणाले, तेव्हा कुणी असं म्हटलं का की सोडीपर्यंत महाराची मजुरी बुडवली तरी चालेल?

म्हणून साधी रीत सांगते. काय हवंय ते फोनवरच बोला. दाराआड नवी मागणी नाही. मागितलीच तर एकदा मागा. नाही म्हटलं की नाही. तिथं घासाघीस नाही. हो म्हटलं तर त्याचे पैसे वेगळे, आधी, हातात. निरोधाला किंमत नसते, तो विकायला नाही. आणि नाही म्हटल्यावर जबरदस्ती केली तर तो बलात्कार. माझा धंदा कुठला ह्यानं त्यात फरक पडत नाही.

ज्यांना हे वाचून शिसारी आली त्यांनी यायची गरज नाही. ज्यांना लाज वाटली त्यांनी पुढच्या वेळी माझ्याबरोबर चौकीत चला. दोघं-तिघं पुरे. मोर्चा नको, भाषण नको. बाकावर नुसते बसा. हवालदार भाव विचारील तेव्हा तुम्ही त्याला तक्रार लिहून घ्यायला सांगा.

येणार का? की तुमची चळवळ लॉजच्या दारापर्यंतच?