रोमन स्नानगृहांवरचा उधळपट्टीचा आरोप

प्राचीन रोमन सार्वजनिक स्नानगृहांची सजावट म्हणजे निव्वळ उधळपट्टी, हा आक्षेप खुद्द रोमन काळातला आहे. इ.स.च्या पहिल्या शतकात तत्त्वज्ञ सेनेकाने आपला मित्र लुसिलियसला लिहिलेल्या ८६व्या पत्रात तो मांडला. पूर्वीच्या काळी सेनापती स्किपिओची न्हाणी अरुंद, अंधारी होती. आता मात्र भिंतींना अलेक्झांड्रियाचा संगमरवर, छताला काच आणि चांदीच्या तोट्या लागतात, असे त्याचे म्हणणे. पाव आस इतक्या किरकोळ नाण्यात मिळणारी, उपयोगासाठी निघालेली सोय सजवावी कशाला, असा त्याचा सवाल आहे.

चांदीच्या तोट्यांपुरता हा आक्षेप रास्त आहे. मात्र सजावट आणि उपयोग यांची त्याने केलेली फारकत पाँपेईच्या फोरम स्नानगृहात टिकत नाही. तिथल्या गरम दालनाच्या कमानी छताला चुन्याच्या गिलाव्यात ओळीने पन्हळी काढल्या आहेत. वर पाहणाऱ्याला ती नक्षी वाटते. पण वाफ छताला लागून तिचे पाणी झाले की ते या पन्हळींतून भिंतीकडे ओघळते, न्हाणाऱ्यांच्या अंगावर ठिबकत नाही. शेजारच्या कोमट दालनात भाजक्या मातीचे दाढीवाले पुरुष छताखालची पट्टी पेलून उभे आहेत, आणि त्यांच्या मधोमध सामान ठेवायचे कोनाडे आहेत.

संगमरवराचेही तसेच. गरम दालनाची जमीन विटांच्या ठेंगण्या खांबांवर उचललेली असे, भट्टीची धग तिच्याखालून फिरून भिंतींतल्या पोकळ नळ्यांत चढे. त्या नळ्यांवर आच्छादन लागेच, आणि सततच्या वाफेत रंगवलेल्या गिलाव्यापेक्षा दगडी फरशी टिकाऊ, धुवायलाही सोपी.

रोममध्ये २१६ साली खुले झालेले काराकाल्लाचे स्नानगृह हे सम्राटाच्या वैभवाचे प्रदर्शन होते, हे नाकारता येत नाही. तिथे सापडलेला, आता नेपल्सच्या संग्रहालयात असलेला विराट हर्क्युलिस कोणताही भार पेलत नव्हता. भट्ट्या पेटत्या ठेवणाऱ्या गुलामांच्या वाट्याला तर यातले काहीच येत नसे. तरीही सुमारे ३५ मीटर व्यासाच्या घुमटाखालचे गरम दालन नैर्ऋत्येकडे उघडणाऱ्या मोठ्या खिडक्यांचे होते, कारण रोमन लोक दुपारनंतर न्हात आणि तेव्हाचे ऊन त्याच दिशेने येई. स्वतःच्या घरी न्हाणी नसलेल्या माणसाने पाव आस मोजला म्हणून त्याने स्किपिओच्या अंधारातच न्हावे, हे सेनेकाचे म्हणणे मान्य करता येत नाही.