विश्लेषण : लिनक्स संगणक संथ का होतो? उपायाआधी दोष कसा शोधायचा?

संगणक रेंगाळू लागला की पहिला सल्ला मिळतो 'फॉरमॅट मारा', दुसरा 'नवा घ्या'. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाबाबत तिसऱ्या सल्ल्याची भर पडते, 'ते लिनक्स काढून टाका'. हे सल्ले देण्याआधी दोष कुठे आहे हे बहुतेकदा कुणी पाहिलेलेच नसते. लिनक्समध्ये दोष शोधण्याची बरीचशी साधने आधीपासूनच असतात आणि त्यांना पैसे पडत नाहीत. ती वापरायची कशी, कोणता आकडा काय सांगतो आणि खर्च कधी करावा, याविषयी.

हा प्रश्न आताच का?

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. घरगुती वापरकर्त्यांसाठी वाढीव सुरक्षा अद्यतनांची सोय देण्यात आली, पण तिची मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि ठरावीक यादीतलाच प्रोसेसर लागतो. त्यामुळे चालू स्थितीतले अनेक जुने लॅपटॉप दारातच अडले. अशा संगणकांना लिनक्स मिंट, उबुंटू यांसारख्या मोफत प्रणालींचा आसरा मिळतो. मात्र प्रणाली बदलली तरी आतली हार्ड डिस्क, पंखा आणि वायफाय कार्ड जुनेच राहते. त्यात २०२५ च्या अखेरीपासून एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे मेमरीच्या किमती जगभर वाढल्या. म्हणजे न तपासता रॅम विकत घेण्याची चूक आता पूर्वीपेक्षा महागात पडते.

'संथ' म्हणजे नेमके काय?

सुरू व्हायला पाच मिनिटे लागणे, दहा टॅब उघडल्यावर गोठणे, फाइल कॉपी होताना माउस अडखळणे आणि संकेतस्थळ उघडायला वेळ लागणे या चार वेगळ्या तक्रारी आहेत. त्यांची कारणेही वेगळी असू शकतात. सगळ्यांना 'स्लो झालाय' या एकाच शब्दात बसवले की उपचार म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

संगणकांच्या कार्यक्षमतेचे अभ्यासक ब्रेंडन ग्रेग यांनी यासाठी सुटसुटीत पद्धत मांडली आहे. प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क या प्रत्येकाबाबत तीन प्रश्न विचारायचे : तो भाग किती वापरात आहे, त्याच्यापुढे कामांची रांग लागली आहे का आणि तो चुका नोंदवतो आहे का? नेटफ्लिक्समध्ये असताना २०१५ मध्ये त्यांनी लिनक्स सर्व्हरची पहिली ६० सेकंदांची तपासणी दहा कमांडमध्ये कशी करावी हेही लिहिले होते. घरच्या संगणकासाठी त्यातल्या दोन-तीन पुरतात. पथ्य एकच : तक्रार चालू असतानाच आकडे पाहायचे. संगणक नीट चालत असताना घेतलेल्या मोजमापाचा उपयोग नाही.

मेमरी खरेच भरली आहे का?

टर्मिनल उघडून इंग्रजी स्पेलिंगने 'फ्री' ही कमांड द्यावी. त्यापुढे जागा सोडून उणे चिन्ह आणि एच अक्षर टाकले की आकडे जीबीत दिसतात. येथे अनेकांची फसगत होते. 'फ्री' या रकान्यात जेमतेम २०० एमबी दिसले की रॅम संपल्याचा समज होतो. प्रत्यक्षात लिनक्स रिकामी रॅम पडून राहू देत नाही. नुकत्याच वाचलेल्या फाइल तो तिच्यात ठेवतो आणि एखाद्या प्रोग्रामला गरज लागली की ती जागा लगेच मोकळी करतो. म्हणून पाहायचा रकाना 'अव्हेलेबल' हा. तिथे दीड-दोन जीबी शिल्लक असेल तर दोष मेमरीचा नसण्याचीच शक्यता जास्त.

'अव्हेलेबल' तळाला गेले असेल आणि खालच्या ओळीतला 'स्वॅप'चा वापर वाढत असेल, तर मात्र तंगी खरी आहे. स्वॅप म्हणजे रॅम अपुरी पडल्यावर डिस्कवर घेतलेली उसनी जागा. डिस्क रॅमपेक्षा कित्येक पटींनी मंद असल्याने संगणक गोठल्यासारखा होतो. तंगी टोकाला गेली की लिनक्स स्वतःहून एखादा मोठा प्रोग्राम बंद करतो. ब्राउझर काहीही संदेश न देता नाहीसा होण्यामागे अनेकदा हेच कारण असते. लिनक्स मिंट किमान २ जीबी आणि सुखद वापरासाठी ४ जीबी रॅम सांगते. पण हा हिशेब प्रणालीचा आहे. आजची संकेतस्थळे वीस टॅबमध्ये उघडली तर ४ जीबी कमीच पडतात.

प्रोसेसर मोकळा असूनही संगणक का अडखळतो?

इंग्रजीत 'टॉप' ही तीन अक्षरी कमांड दिली की चालू कामांची यादी दिसते. वरच्या ओळीत 'लोड ॲव्हरेज'चे तीन आकडे असतात, ते गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांची सरासरी सांगतात. चार कोअरच्या प्रोसेसरवर लोड ४ च्या आसपास असेल तर तो पुरता कामात आहे, असे ढोबळमानाने म्हणता येते. पण लिनक्सच्या या आकड्यात केवळ प्रोसेसरची वाट पाहणारी कामे नसतात. डिस्कच्या उत्तरासाठी खोळंबलेली कामेही त्यातच मोजली जातात. त्यामुळे लोड ८ आणि प्रोसेसर जवळपास रिकामा, असे चित्र दिसू शकते. अशा वेळी तिसऱ्या ओळीत 'डब्ल्यूए' या अक्षरांशेजारचा आकडा पाहावा. तो सतत २०-३० टक्क्यांवर असेल तर संशयित डिस्क आहे.

जुन्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. विखुरलेल्या ठिकाणांहून वाचायचे तर ती सेकंदाला साधारण शंभरही वाचने पूर्ण करू शकत नाही. साधी सॅटा एसएसडी हीच कामे हजारोंनी करते. म्हणूनच रॅम पुरेशी असलेल्या जुन्या संगणकात एसएसडी बसवल्यावर सर्वाधिक फरक जाणवतो.

डिस्क मंद असणे वेगळे आणि मरणपंथाला लागणे वेगळे. 'डिस्क्स' या प्रोग्राममध्ये स्मार्ट तपासणीचा अहवाल मिळतो. त्यात 'रीअलोकेटेड' किंवा 'पेंडिंग' सेक्टरचे आकडे शून्यावरून वाढू लागले असतील, तर बाकी सगळे सोडून आधी कागदपत्रे आणि फोटोंची प्रत दुसरीकडे ठेवावी. अशा डिस्कवर पुन्हा फॉरमॅट मारणे म्हणजे उरलेल्या आयुष्यावर आणखी ताण.

'डब्ल्यूए' कमी आणि प्रोसेसर सतत शंभर टक्के असेल तर यादीत सर्वात वर कोण आहे ते पाहावे. तिथे काहीच वावगे नसेल तर तापमान तपासावे. पंख्यात धूळ अडकली, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट सुकली की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. सकाळी ठीक आणि तासाभराने संथ, ही त्याची ओळखीची खूण.

नेट चालत नाही, तर सुरुवात कुठून?

घरापासून बाहेर, एकेक पायरी. पहिली चाचणी हातातल्या फोनवर होते. त्याच वायफायवर, त्याच जागी बसून फोनवर नेट नीट चालते का? चालत नसेल तर लॅपटॉपच्या मागे लागू नये, दोष राउटरचा किंवा सेवा कंपनीच्या जोडणीचा आहे. फोनवर चालत असेल तर दुसरी चाचणी : अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडून टेदरिंग सुरू करावे. लिनक्समध्ये त्यासाठी सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. असे केल्यावर लॅपटॉपवर नेट सुरळीत चालले, तर ब्राउझर आणि प्रणाली ठीक आहेत. दोष लॅपटॉपचे वायफाय कार्ड, त्याचा ड्रायव्हर किंवा सेटिंग यांत आहे.

त्यानंतर 'पिंग' कमांड. आधी राउटरचा पत्ता द्यावा, अनेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. चाचणी थांबवायला कंट्रोल आणि सी ही बटणे एकत्र दाबावीत. वायफायवर राउटरचे उत्तर काही मिलिसेकंदांत यायला हवे. ते मध्येच शेकड्यांत जात असेल किंवा काही उत्तरे हरवत असतील, तर दोष घरातच आहे. राउटर ठीक असेल तर ८.८.८.८ हा गुगलच्या सार्वजनिक सेवेचा पत्ता तपासावा. तिथून उत्तर येते, पण संकेतस्थळाचे नाव दिले की येत नाही, तर गडबड डीएनएसची. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी यंत्रणा. नेटवर्क सेटिंगमध्ये तिचा पत्ता बदलून ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ टाकला की काम बहुधा भागते. मात्र डीएनएस बदलल्याने डाउनलोडचा वेग दुप्पट होतो, हा दावा खरा नाही.

वायफाय वारंवार का तुटते?

दाटीवाटीच्या इमारतींत २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन अशी सगळ्यांची गर्दी असते. त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. राउटर जवळ असेल तर ५ गिगाहर्ट्झ निवडावे. ते वेगवान असते, पण भिंतींपलीकडे लवकर क्षीण होते. दुसरे कारण खास लिनक्सचे. उबुंटूत वायफाय कार्डाची वीजबचत मुळात सुरू असते आणि काही कार्डांना ती मानवत नाही. नेटवर्क मॅनेजरच्या सेटिंग फाइलमध्ये 'वायफाय पॉवरसेव्ह'चा आकडा ३ वरून २ केला की ती बंद होते. केबल वापरणाऱ्यांनी जोडणीचा वेग पाहावा. गिगाबिटसाठी केबलमधल्या आठही तारा लागतात. एखादी तुटली की जोडणी गुपचूप १०० एमबीपीएसवर येऊ शकते.

येथे एककाचा घोळही ध्यानात ठेवावा. १०० एमबीपीएसच्या प्लॅनमध्ये फाइल सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट उतरते, कारण आठ बिटांचा एक बाइट होतो. तेवढा वेग मिळत असेल तर तक्रारीला जागा नाही.

नेट चालू, तरी संकेतस्थळे का उघडत नाहीत?

जुन्या संगणकांत मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपलेला असतो. संगणक बंद करताच घड्याळ काही वर्षे मागे जाते. मग सुरक्षित संकेतस्थळाचे प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नाही, असे ब्राउझरला वाटते आणि तो जोडणी नाकारतो. उपाय म्हणजे तारीख दुरुस्त करणे आणि सेल बदलणे. विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवलेल्या संगणकात घड्याळ नेमके साडेपाच तासांनी चुकत असेल, तर सेलचा दोष नाही. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते, लिनक्स जागतिक वेळ. भारतासाठी हा फरक साडेपाच तासांचा.

काय करू नये?

व्हिडीओ पाहून अनोळखी कमांड चिकटवू नयेत, विशेषतः 'सुडो'ने सुरू होणाऱ्या. त्या संगणकाचे सर्वाधिकार वापरतात. 'रॅम साफ' करणारी स्क्रिप्ट दर तासाला चालवणे निरुपयोगी आहे. ती लिनक्सने जपून ठेवलेल्या फाइल फेकून देते आणि डिस्कला त्या पुन्हा वाचाव्या लागतात. एका वेळी पाच सेटिंग बदलू नयेत. एक बदल करावा, आधीचा आणि नंतरचा आकडा कागदावर लिहावा आणि फरक नसेल तर बदल मागे घ्यावा.

मग पैसे कशावर खर्च करावेत?

आधी बिनखर्चाचे उपाय : सुरुवातीलाच आपोआप चालू होणारे अनावश्यक प्रोग्राम बंद करणे, टॅब कमी ठेवणे, धूळ काढणे आणि सिनॅमनऐवजी एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप निवडणे. 'डब्ल्यूए' चढा असेल तर एसएसडी, 'अव्हेलेबल' तळाला असेल तर रॅम. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डकवलेली असते, ती वाढवता येत नाही, घेण्याआधी पाहावे. दोष वायफाय कार्डात निघाला तर लिनक्सवर चालणारा छोटा यूएसबी अडॅप्टर पुरतो. २ जीबी रॅम, ती वाढवण्याची सोय नाही आणि काम मात्र व्हिडीओ कॉलचे, अशी स्थिती असेल तर नवा संगणक घेणे योग्यच. टर्मिनलची ओळख करून घ्यायची तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमात लिनक्सचे पाठ मोफत मिळतात, मराठीतही.

दुरुस्तीच्या दुकानात गेल्यावरही हेच आकडे उपयोगी पडतात. 'स्लो झालाय' असे सांगणाऱ्याला दुकानदार त्याच्या सवयीचा उपाय देतो. 'डब्ल्यूए ४० टक्के आहे, पेंडिंग सेक्टर १२ दिसताहेत' असे सांगणाऱ्याला डिस्कचीच किंमत सांगावी लागते. फॉरमॅटचे पैसे मोजण्याआधी हा प्रश्न प्रत्येक ग्राहकाने विचारायला हवा : तुम्ही काय तपासले आणि आकडा किती आला?