झाडे पाडण्याचे पुण्य

२०२४ च्या जुलै महिन्यात नवी दिल्ली येथे भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या अधिवेशनाने स्कॉटलंडच्या उत्तर टोकावरील ‘फ्लो कंट्री’ नामक प्रदेशास जागतिक वारशाचा मान दिला. तेथे ना राजवाडे, ना मंदिरे. मैलोन् मैल ओले शेवाळ आणि काळ्या पाण्याची डबकी! आमच्या वाचकांस याचे नवल वाटले तर त्यात गैर काहीच नाही.

या भूमीचे मोल शेवाळाखाली दडलेले आहे. पाणी तुंबून राहिल्यामुळे मृत वनस्पती तेथे पुरत्या कुजत नाहीत. थरावर थर साचून त्यांचे पीट बनते. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर! ही ठेव तेथे सुमारे ९,००० वर्षे जमत आली आहे. पृथ्वीच्या भूभागापैकी अवघी ३ टक्के जागा व्यापणारी पीटभूमी जगातील सर्व अरण्यांतील झाडांहून अधिक कार्बन धरून ठेवते. पाणी आटले की तो हवेत जातो.

हे पाणी आटविले कोणी? १९८० नंतरच्या दशकात करसवलतींच्या आमिषाने धनिकांनी तेथे चर खणले आणि परदेशी सूचिपर्णी झाडांच्या रांगा उभ्या केल्या. १९८८ च्या अंदाजपत्रकाने ती सवलत बंद झाली. आता तीच झाडे पाडून, चर बुजवून पाणी पुन्हा अडविले जात आहे. लावण्यास सरकारी तिजोरीचा हातभार आणि उपटण्यासही तिचाच! शिवाय भूमी लगेच सावरत नाही. झाडे काढल्यावरही ती कित्येक वर्षे कार्बन सोडीत राहते व दहा-पंधरा वर्षांनी कोठे तो शोषू लागते, असे तेथील मोजमापांवरून दिसून आले आहे.

हा परक्या मुलखाचा प्रश्न म्हणून सोडून देता येईल काय? आमच्या निलगिरीच्या पठारावरही पीट आहे. त्याच्याच थरांवरून रमण सुकुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली दक्षिण भारताच्या सुमारे २०,००० वर्षांच्या हवामानाचा इतिहास उलगडला. त्याच पठाराच्या गवताळ माळांवर निलगिरी व वॅटल यांची लागवड झाली, हे सर्वविदित आहे. आम्ही वृक्षारोपणाचे विरोधक नव्हे. परंतु खड्डे मोजून यश ठरविणारे वनखाते आम्हांस मान्य नाही. निलगिरीतील उरलेल्या पीटभूमीची खोली व पाण्याची पातळी आधी मोजली जावी, आणि तोवर पाणथळीत वा माळावर एकही रोप लावू नये, अशी आमची मागणी आहे.